पाण्यातील अब्जांश कण : धातूंच्या ऑक्साइडांचा रूपपालट आणि आपले पिण्याचे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या अध्यापनाविषयी आज सकाळपासून त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी पुष्कळ ऐकले. कोणतीही गोष्ट फळ्यावर लिहिण्याआधी ते ती मुलांच्या हातात देत असत, असे अनेकांनी सांगितले. विज्ञानशिक्षणाची ह्याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. आजचा विषय डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा आहे. तरीही तो शक्य तेवढा हाताला लागणाऱ्या वस्तूंच्या आधाराने मांडावा, हीच त्यांना योग्य श्रद्धांजली होईल, असे मला वाटते. हा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

मावला हे गाव पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद शहराला लागून, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. ह्या भूमीत मराठी आणि तेलुगू, त्यांच्या जोडीने गोंडी, कोलामी आणि उर्दू ह्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदल्या. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले आणि उरलेला जिल्हा अलीकडे राहिला. सीमारेषा माणसांनी आखली. जमिनीखालच्या पाण्याने ती कधी मानली नाही. नदीच्या दोन्ही तीरांवर विहिरी तशाच आहेत आणि त्या पाण्याचे गुणदोषही पुष्कळ अंशी सारखेच आहेत. म्हणून पाण्याचाच विषय आज घ्यावा असे ठरविले. माझा प्रश्न थोडक्यात असा आहे : पाणी शुद्ध करण्यासाठी आपण ज्या धातूंच्या ऑक्साइडांवर विसंबतो, त्यांचे पाण्यात काय होते? आपण पाण्यात घातलेला पदार्थ काही दिवसांनी तोच पदार्थ राहतो काय?

घर बांधलेल्या कोणत्याही माणसाने ह्या प्रश्नाचे एक उत्तर डोळ्यांनी पाहिले आहे. भट्टीतून आणलेली चुनकळी हौदात टाकून तिच्यावर पाणी ओतले की ती फसफसते, वाफा निघतात आणि थोड्या वेळात तिचे पांढरेशुभ्र लोण्यासारखे पीठ होते. ह्यालाच आपण चुना विरवणे म्हणतो. रसायनशास्त्राच्या भाषेत चुनकळी म्हणजे कॅल्शियम ह्या धातूचे ऑक्साइड. पाण्याच्या रेणूंना आत घेऊन ते हायड्रॉक्साइड बनते, अणूंची मांडणी पार बदलते आणि त्या बदलात उष्णता बाहेर पडते. येथे पाणी हे नुसते भांड्यातले माध्यम नाही. ते नव्या पदार्थाचा घटक झाले आहे.

मग असे सर्वच ऑक्साइडांचे होते काय? माणिक आणि नील ही रत्ने म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच. रंग तेवढा इतर धातूंच्या अंशामुळे येतो. पण माणकाची अंगठी घालून माणूस आयुष्यभर स्नान करतो आणि माणिक जसेच्या तसे राहते. गेरूचा खडा म्हणजे मुख्यतः लोहाचे ऑक्साइड. तो ओढ्याच्या पात्रात वर्षानुवर्षे पडून राहतो. ह्यावरून पूर्वीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सर्वसाधारण समजूत अशी करून घेतली की, ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम ह्यांची ऑक्साइडे थंड पाण्यात स्वस्थ राहतात. मोठ्या खड्यापुरती ती समजूत योग्यच आहे. मात्र तोच खडा कुटून, त्याहूनही बारीक करून, एका विशिष्ट मर्यादेपलीकडे नेला की ती टिकत नाही. ही मर्यादा साधारणतः अब्जांश मीटरांच्या, म्हणजे नॅनोमीटरांच्या घरातली आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

इतके लहान होण्यात विशेष ते काय, हे साध्या गणिताने पाहता येते. एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता ह्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे बारीक घन पाडले, तर द्रव्य तेवढेच राहील, परंतु सर्व कणांचे एकत्रित पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होईल. आपल्या शेतीच्या मापात सांगायचे तर जवळजवळ सहा गुंठे. हरभऱ्याच्या दोन-चार दाण्यांएवढ्या पदार्थात सहा गुंठे जमीन दडलेली असते! दुसरा हिशेब असा : ३ नॅनोमीटर व्यासाचा गोल कण घेतला आणि त्याच्या सालीची जाडी एका अणूच्या थराएवढी, म्हणजे सुमारे ०.३ नॅनोमीटर धरली, तर कणाचे जवळजवळ निम्मे घनफळ त्या सालीतच जाते. म्हणजे निम्मे अणू पृष्ठभागावर आणि निम्मे आत. असा कण म्हणजे फळाहून सालच अधिक.

आणि सालीतल्या अणूंची स्थिती आतल्या अणूंसारखी नसते. वाड्याच्या माजघराला चहूबाजूंनी भिंतींचा आधार असतो. बाहेरच्या भिंतीला वारा-पाऊस सोसावा लागतो. आतल्या अणूला सर्व दिशांनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या अणूचे काही बंध मोकळे राहतात. त्या मोकळेपणाची किंमत ऊर्जेच्या रूपाने द्यावी लागते; तिला पृष्ठीय ऊर्जा म्हणतात. मोठ्या खड्यात ही किंमत नगण्य असते. अब्जांश कणात तीच मुख्य होऊन बसते आणि कणाची आतली मांडणी कोणती असावी हेही ती ठरवू लागते. टायटॅनियम डायऑक्साइडचे रुटाइल हे रूप मोठ्या स्फटिकांत सर्वांत स्थिर आहे. परंतु १९९८ साली झांग आणि बॅनफील्ड ह्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखविले की, सुमारे १४ नॅनोमीटरांहून लहान कणांत ॲनाटेज हे दुसरे रूप अधिक स्थिर ठरते. ॲल्युमिनाचेही तसेच. मोठ्या स्फटिकांत माणकाची मांडणी श्रेष्ठ. कण फार बारीक झाले की गॅमा ॲल्युमिना हे सैल मांडणीचे रूप वरचढ होते. लोहाच्या बाबतीत अलेक्झांड्रा नाव्ह्रोत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उष्णतामापनाच्या आधारे असा निष्कर्ष मांडला की, ज्या रूपांच्या घडणीत पाणी आहे त्यांची पृष्ठीय ऊर्जा निर्जल रूपांपेक्षा कमी असते. त्यामुळे कण लहान असताना जलयुक्त रूपे टिकाव धरतात आणि कण वाढले की निर्जल रूपांकडे कल होतो.

आता प्रश्न पाण्याचा. पृष्ठभागच जर कणाचे भवितव्य ठरवितो, तर त्या पृष्ठभागाला जो स्पर्श करतो त्याचाही त्या निर्णयात वाटा असलाच पाहिजे. ह्याचा सुंदर पुरावा एका प्रयोगातून मिळाला. त्यातला पदार्थ ऑक्साइड नव्हता, झिंक सल्फाइड होता. पण त्यातून दिसलेले तत्त्व आपल्याला हवे तेच आहे. ह्या पदार्थाचे अब्जांश कण आपल्याकडेही अपरिचित नव्हते. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी ह्यांच्या गटाने मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे असे कण जलीय पद्धतीने तयार करून त्याविषयीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध केले होते. पुढे २००३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झांग, गिल्बर्ट, हुआंग आणि बॅनफील्ड ह्यांनी ३ नॅनोमीटरांचे कण मुद्दाम पाण्याविना, मेथॅनॉल ह्या द्रवात बनविले. त्या कणांची मांडणी आतपर्यंत विस्कटलेली होती. मग त्यात पाणी मिसळले. तापवणे नाही, दाब नाही, नेहमीचे खोलीचे तापमान. पाण्याचे रेणू पृष्ठभागाला बिलगले आणि केवळ सालच नव्हे, तर कणाचा गाभाही सुव्यवस्थित झाला. कणावरचे मेथॅनॉल निघून गेले की मांडणी पुन्हा बदलते, असेही त्यांना आढळले. त्यांचा निष्कर्ष मोठा अर्थपूर्ण आहे : अब्जांश कणाची रचना त्याच्या आकारमानाबरोबरच त्याच्या भोवतालच्या रेणूंवरही अवलंबून असते. संगतीचा परिणाम माणसांवर होतो हे आपले वडीलधारे सांगत आले. येथे तो निर्जीव कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला दिसतो.

ह्याचा एक व्यावहारिक परिणाम तात्काळ ध्यानात घेतला पाहिजे. प्रयोगशाळेत पुष्कळदा कण पाण्यात तयार करतात, नंतर गाळून, वाळवून, त्याची भुकटी क्ष-किरणांखाली ठेवून रचना पाहतात. पण वाळविताना पाणी गेले, म्हणजे संगत बदलली. कोरड्या भुकटीचे चित्र हे ओल्या कणाचे चित्र असेलच असे नाही. म्हणून आता कण पाण्यात असतानाच त्यांच्यावर तीव्र क्ष-किरणांचा झोत सोडून अणू-अणूंमधील अंतरे मोजण्याकडे शास्त्रज्ञांचा कल आहे. असे झोत देणारी सिंक्रोट्रॉन यंत्रे आपल्या देशात इंदूरला उभारलेली आहेत, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय.

आता ऑक्साइडांकडे वळू आणि त्यांतही लोहाकडे. कारण लोहाची कहाणी ह्या मातीत आपल्या पायांखालीच लिहिलेली आहे. लोखंडाच्या क्षारांच्या द्रावणात अल्क घातले, किंवा लोहयुक्त विहिरीचे पाणी हवेत उघडे ठेवले, म्हणजे विटकरी-तपकिरी रंगाचा बुळबुळीत साका खाली बसतो. लोहयुक्त पाण्याच्या माठाच्या तळाशी जो थर साचतो तो ह्याच जातीचा. त्यातील मुख्य पदार्थाला फेरिहायड्राइट म्हणतात. खनिज म्हणून त्याला हे नाव १९७३ साली मिळाले. त्याचे कण काही नॅनोमीटरांचेच असतात आणि मांडणी इतकी अपुरी असते की क्ष-किरणांच्या चित्रात कधीकधी दोनच रुंद, अस्पष्ट रेषा उमटतात. त्याच्या नेमक्या रचनेविषयी तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद चालला. पण त्याच्या एका गुणाबद्दल कोणाचेही दुमत नाही : त्याचे पृष्ठफळ प्रचंड असल्यामुळे आर्सेनिक, फॉस्फेट आणि अनेक जड धातू तो पाण्यातून आपल्याकडे ओढून घेतो.

मात्र हा पदार्थ तात्पुरता आहे. विल्हेल्म ओस्टवाल्ड ह्यांनी १८९७ साली एक निरीक्षण नोंदविले होते. द्रावणातून घन पदार्थ निघतो तेव्हा निसर्ग एकदम सर्वांत स्थिर रूपाकडे जात नाही, जवळच्या कमी स्थिर रूपावर आधी थांबतो आणि मग पायरीपायरीने पुढे जातो. फेरिहायड्राइट ही अशी मधली पायरी होय. पाण्यात ठेवलेला फेरिहायड्राइट हळूहळू दोनपैकी एका रूपात जातो. एक गोएथाइट, म्हणजे आपल्या पिवडीचा पिवळा रंग. दुसरे हेमॅटाइट, म्हणजे गेरूचा तांबडा. आपल्या भिंती आणि अंगणे रंगविणाऱ्या आयाबहिणींनी शतकानुशतके ही दोन खनिजे वेगवेगळ्या बोळक्यांत ठेवली आहेत. पिवडी तव्यावर खूप भाजली की तिच्यातले पाणी जाऊन ती गेरूसारखी तांबडी होते. रंगातला तो फरक म्हणजे अणूंच्या मांडणीतील फरकच.

कोणत्या पाण्यात कोणते रूप होते, ह्याचा चिकाटीने शोध जर्मनीतील श्वेर्टमान आणि मुराड ह्यांनी घेतला. फेरिहायड्राइट निरनिराळ्या सामूच्या पाण्यात दीर्घकाळ ठेवून १९८३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सामू ७ ते ८ असताना हेमॅटाइट सर्वाधिक मिळाले. सामू ४ च्या आसपास, तसेच १२ च्या आसपास, गोएथाइटचे प्रमाण सर्वाधिक होते. ह्याचे कारण दोन वाटांमध्ये आहे. पाणी बरेच आम्ल किंवा बरेच अल्कधर्मी असले की फेरिहायड्राइट थोडा-थोडा विरघळतो आणि विरघळलेले लोह पुन्हा नव्या, नीटनेटक्या स्फटिकात, गोएथाइटमध्ये, रचले जाते. जुना वाडा पाडून त्याच दगडांनी नवा बांधावा तसे हे. उदासीन पाण्यात मात्र विद्राव्यता अत्यल्प असते आणि कणांवरील विद्युत्‌प्रभारही जवळजवळ नाहीसा होतो. एकमेकांना दूर ढकलणारे बळ न राहिल्यामुळे कण चिकटून गुच्छ होतात आणि त्या गुच्छाच्या आतच पाणी गमावून अणूंची फेरमांडणी होते. तेथून हेमॅटाइट निघते. येथे वाडा न पाडता आतल्या आत दुरुस्त होतो.

कण एकमेकांना चिकटतात तेही कसेही नव्हे. २०१२ साली डाँगशेंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या अतिशय पातळ थरात लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडाचे अब्जांश कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल करताना प्रत्यक्ष पाहिले. दोन कण जवळ येतात, पुनःपुन्हा फिरतात, एकमेकांच्या अणूंच्या ओळी जुळेपर्यंत जणू चाचपतात आणि ओळी जुळल्या की झटकन एक होतात. अशा रीतीने लहान कणांचा मोठा स्फटिक बनतो. मोठा स्फटिक बनला म्हणजे पृष्ठफळ घटले. आणि पृष्ठफळ घटले म्हणजे पाण्यातील विष धरून ठेवण्याची ताकद घटली. सहा गुंठ्यांची जमीन आक्रसून अंगणाएवढी झाली.

ह्या रूपांतराचा वेग पाण्यात विरघळलेल्या इतर द्रव्यांवर फार अवलंबून असतो, आणि माझ्या आजच्या सांगण्याचे मर्म येथेच आहे. पाण्यात फेरस लोहाचा अंश असेल, तर जे रूपांतर एरवी महिनोन्‌महिने घेईल ते काही तासांत किंवा दिवसांत होऊ शकते. उलट सिलिकेट, फॉस्फेट किंवा कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली सेंद्रिय द्रव्ये असतील, तर ती कणांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि रूपांतर रोखून धरतात. म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलेला कण, काळ्या जमिनीतील विहिरीच्या पाण्यातला कण आणि पालापाचोळा कुजलेल्या तलावाच्या पाण्यातला कण, हे तिघे एकाच बाटलीतून निघाले तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते.

आता ह्या सर्वांचा आपल्या पिण्याच्या पाण्याशी संबंध पाहू. खडकांतून भूजलात उतरणारे फ्लोराइड ही दख्खनची जुनी व्याधी आहे. भारतात हाडांच्या फ्लुओरोसिसची पहिली वैद्यकीय नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आपल्या परिसरात तेलंगणातील नलगोंडा ह्या व्याधीसाठी दुर्दैवाने प्रसिद्ध झाले. पण पैनगंगेपलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावे, नांदेडचा किनवट तालुका आणि आपल्या जिल्ह्याचेही काही भाग ह्यांतून सुटलेले नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य, आणि दुसरी सोय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावयाचे. त्याहून अधिक पाणी बालपणापासून पोटात गेले की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. ही विकृती एकदा हाडांत बसली की औषधाने पूर्ववत करता येत नाही. म्हणून पाणी सुधारणे हाच खरा उपचार होय.

ह्यावर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, जी पद्धत बसविली तिला ‘नलगोंडा तंत्र’ म्हणतात. ती आपल्या घरच्या रीतीचीच शास्त्रीय वाढ आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे कोणाला ठाऊक नाही? नीरीने फिल्टर तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण ह्यांची मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरविली. बादलीत ही द्रव्ये मिसळून दहाएक मिनिटे हलके ढवळायचे, तासभर निवू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटीतील ॲल्युमिनियम पाण्यात ढगासारखा जलयुक्त पुंजका होऊन निघते आणि फ्लोराइडला आपल्यात ओढत खाली बसते.

हा पुंजका म्हणजे फेरिहायड्राइटचा धाकटा भाऊच. तो नुकताच जन्मलेला असताना त्याची मांडणी विस्कळीत आणि पृष्ठभाग अफाट असतो. म्हणून तो तेव्हा सर्वांत कामाचा. शिळा झाला की तोही पायरीपायरीने बोहमाइट, बायेराइट किंवा गिब्साइट ह्या नीटस रूपांकडे जातो आणि त्याची ओढ कमी होते. आधी पुंजका तयार करून ठेवावा आणि मग लागेल तसा पाण्यात टाकावा, ही सोयीची वाटणारी युक्ती म्हणूनच तितकी फलदायी होत नाही. तुरटी ज्या पाण्यातून फ्लोराइड काढायचे त्याच पाण्यात विरघळली पाहिजे. भाकरी तव्यावरून उतरताच वाढावी, तसे हे काम आहे.

दुसरी पद्धत सक्रियित ॲल्युमिनाच्या दाण्यांची. टाकीत किंवा घरगुती गाळणीत हे दाणे भरतात आणि पाणी त्यांतून झिरपू देतात. दाणे फ्लोराइडने भरले की अल्क आणि आम्ल ह्यांनी धुऊन पुन्हा कामाला लावतात. हे दाणे मुख्यतः गॅमा ॲल्युमिना आणि तिच्या जवळच्या रूपांचे असतात. म्हणजेच माणकासारखे निश्चल नव्हेत. २००२ साली फ्रान्समधील लफेव्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, साध्या पाण्यात, साध्या तापमानाला राहिलेल्या गॅमा ॲल्युमिनाचा पृष्ठभाग हळूहळू बायेराइट ह्या हायड्रॉक्साइडात पालटतो. ह्या पदार्थाला इतकी वर्षे पाण्यात निष्क्रिय मानून मोजमापे झाली होती. तो मुळीच निष्क्रिय नव्हता. गावातील गाळणी मंदावते ह्याला हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. दाणे वेळेवर न धुणे, पाण्यातील सिलिकेट आणि बायकार्बोनेट ह्यांची स्पर्धा, ही कारणेही आहेतच. परंतु गाळणीतील पदार्थ सजीवासारखा वयात येतो आणि म्हातारा होतो, हे मनात धरूनच तिची देखभाल आखली पाहिजे.

मग ह्या कणांना तरुण ठेवता येईल काय? निसर्गाने हे कोडे फार पूर्वी सोडविलेले आहे. आपल्या यकृतात लोहाचा साठा असतो तो फेरिटिन ह्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात. एका गोळ्यात लोहाचे सुमारे ४,५०० अणूंपर्यंत साठवता येतात आणि ते फेरिहायड्राइटसारख्या रूपात असतात. प्रथिनाच्या कवचामुळे एका गोळ्यातील कण दुसऱ्याला भेटू शकत नाही. म्हणून तो वाढत नाही, घट्ट स्फटिक होत नाही आणि शरीराला हवे तेव्हा लोह मोकळे करता येते. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी ह्याच धर्तीचा विचार केला. नैसर्गिक बहुवारिकाच्या पिंजऱ्यात दोन रेषांचा फेरिहायड्राइट कोंडून त्याला त्या तात्पुरत्या अवस्थेतच टिकवायचे, हे त्यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामाचे सूत्र आहे. परिपूर्ण स्फटिक घडविणे हा रसायनशास्त्रज्ञाचा नेहमीचा आनंद. येथे मात्र अपूर्णता जपण्यात कौशल्य आहे.

श्रोतेहो, तेलंगणात २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेतून नद्यांचे पाणी नळाने गावोगाव नेण्यात आले आणि पुष्कळ घरांचे विंधनविहिरीवरचे अवलंबन घटले. हा सर्वांत चांगला उपाय आहे, ह्यात शंका नाही. पण शेतावरची वस्ती, डोंगरातले गुडे, नळ बंद पडल्याचे दिवस, ह्या ठिकाणी माणूस अजून जवळच्या विंधनविहिरीकडेच वळतो. तेथे कोणी गाळणी घेऊन आले, तर ती विकणाऱ्याला गावाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही गाळणी कोणत्या पाण्यावर तपासली, प्रयोगशाळेतल्या की आमच्या विहिरीतल्या? तपासणी पहिल्या दिवशीची आहे की सहाव्या महिन्याचीही? आणि आतला पदार्थ थकला हे आम्हाला कसे कळेल, ते सांगणारी परीक्षा गावातच करता येईल काय? ह्या प्रश्नांसाठी पदवी लागत नाही. फ्लोराइड चवीने, वासाने किंवा रंगाने कळत नाही. त्यामुळे थकलेली गाळणी चालू गाळणीसारखीच दिसते आणि ज्या घरात ती आहे तेथील मुले निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहतात. गाळणी नसण्यापेक्षा हा खोटा दिलासा अधिक घातक आहे.

येथील विज्ञानशिक्षकांना माझी एक सूचना आहे. ह्या विषयाला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. फेरिक क्षाराच्या द्रावणात अल्क घालून तपकिरी साका तयार करावा. एक भाग तीव्र अल्कात सुमारे ७० अंश सेल्सियस तापमानाला साठेक तास ठेवला, तर तो पिवळसर आणि दाट होतो. ही गोएथाइट करण्याची प्रस्थापित कृती आहे. शिक्षकांनी अल्क स्वतः हाताळावे आणि मुलांना निरीक्षण करू द्यावे. दुसरे भाग पावसाच्या पाण्यात, शाळेच्या विहिरीच्या पाण्यात आणि मावल्याच्या तलावाच्या पाण्यात स्वतंत्र बाटल्यांत ठेवून वर्षभर दर महिन्याला रंगाची नोंद करावी. कोणती बाटली आधी पालटते, कोणती जशीच्या तशी राहते, ह्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. कारण ते पाणी ह्या गावाचे आहे. नोंदवही पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी. दहा वर्षांत ह्या शाळेजवळ आपल्या पाण्याविषयीचे असे ज्ञान जमेल, जे मोठ्या संस्थेलाही येथे येऊन विचारावे लागेल.

पदार्थ म्हणजे ठरलेल्या गुणांची वस्तू आणि पाणी म्हणजे तिला ठेवण्याचे भांडे, असे आम्हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रारंभी शिकविले गेले. अब्जांश कणांनी ती शिकवण सुधारून घेतली आहे. कण आणि पाणी मिळून एकच व्यवस्था बनते, आणि एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही. म्हणून पाणी शुद्ध करण्याचा कोणताही उपाय ज्या गावासाठी असेल, त्याची अखेरची कसोटी त्या गावच्या पाण्यातच घेतली पाहिजे.

गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे व्याख्यान पूर्ण करतो.